राईतली शीळ

“ओ मॅडम... गमबूट!”

मनस्वी दचकून थांबली. एका हातात जेवणाच्या डब्याएवढा हिरवा डबा, दुसऱ्या हातात पट्टे, रेनकोटची टोपी डोळ्यांवर आलेली आणि वरून आषाढातला पाऊस. अशा वेळी पाठीमागून कुणी नुसतंच ‘गमबूट’ म्हणून ओरडलं, तर माणसानं समजायचं तरी काय?

तिनं टोपी मागे सारली. बांधावर एक तरुण उभा होता. डोक्यापाठीवर इरलं — बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं, लावणीच्या वेळी घेतात ते — पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

“काय झालं माझ्या गमबुटांना?”

“त्यांना काय व्हायचंय? बाहेर काढून ठेवा म्हटलं. राईत पायताण नाय चालत. आई रागावते.”

“कुणाची आई?”

“गावाची,” तो म्हणाला आणि झाडांच्या दिशेनं त्यानं मान झुकवली.

आता पाणी भरलेला गमबूट भर पावसात, एका पायावर उभं राहून काढणं म्हणजे काय असतं, हे ज्यांनी काढलाय त्यांनाच ठाऊक. मनस्वी डुलायला लागली तसा त्यानं हात पुढे केला. “चिखल लागेल हां,” असं बजावलंही. तिनं तरीही तो धरला. ‘फस्स... पचाक्!’ करून एक बूट सुटला, मग दुसरा.

“तुमचे बूट तुमच्यापेक्षा मोठ्यानं बोलतात,” तो म्हणाला.

“आणि तुम्ही त्यांच्यापेक्षाही,” मनस्वी म्हणाली. मग दोघंही हसली. हात मात्र कुणी आधी सोडला, ते दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

मनस्वी मूळची खेडची. रत्नागिरीतल्या एका छोट्या संस्थेत वन्यजीवांच्या आवाजांचं काम करायची. जिल्ह्यातल्या काही देवराया त्यांनी निवडल्या होत्या. त्या प्रत्येक राईत असा एक डबा झाडाला बांधायचा. तो पहाटेपासून ठरल्या वेळी आपोआप सुरू होणार, कान टवकारून बसणार आणि ऐकलेलं साठवून ठेवणार. दर पंधरा दिवसांनी तिनं येऊन बॅटरी आणि कार्ड बदलायचं, आणि खोलीवर जाऊन ते ऐकत बसायचं. शोध चालला होता शीळकरी कस्तुराचा. हा निळसर काळा पक्षी जंगलातल्या व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, राहतो आणि पावसाळ्यात अगदी माणसासारखी शीळ घालतो. ज्या राईत तो गणपतीच्या आत ऐकू येईल, तिथं डबा पुढची तीन वर्षं राहणार. जिथं येणार नाही, तिथला काढून आणायचा. संगमेश्वर तालुक्यातल्या आंबेकोंडची ही जाखमातेची राई यादीत शेवटची होती.

हे सगळं तिनं त्याला डबा बांधता बांधता सांगितलं. तो आपलं इरलं तिच्या डोक्यावर धरून उभा होता आणि स्वतः निवांत भिजत होता.

“म्हणजे हा नुसता ऐकतो?”

“नुसता ऐकतो.”

“सगळं?”

“सगळं. बेडूक, रातकिडे, पाऊस... माणसंसुद्धा.”

“आणि मग ते तुम्ही ऐकता?”

“मीच ऐकते.”

“मग इथं जपून बोललं पाहिजे,” तो म्हणाला. जरा थांबून त्यानं विचारलं, “आणि जपून नाही बोललं तर?”

मनस्वीनं पट्टा जरा जास्तच घट्ट आवळला. “तर ते मला ऐकू येईल. नाव काय तुमचं?”

“हर्षद. ही पुढची शेती आमची. आणि वर सड्याकडेला, त्या कातळाच्या माळावर, आंब्याच्या कलमांची रोपवाटिका.”

तिनं मोबाइलवर त्याला कस्तूर ऐकवला. एक लांब, वळणं घेत जाणारी शीळ, मधेच विसरल्यासारखी तुटणारी. हर्षद डोळे मिटून ऐकत राहिला.

“हा तर पक्षी वाटतच नाय. कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय आणि बघतोय असं दाखवायचं नाय म्हणून शीळ घालतंय, असं वाटतं. पुन्हा लावा ना.”

तिनं पुन्हा लावला. मग त्यानं आणखी एकदा मागितला. वाजवून दाखवू का, असं म्हणत त्यानं ओठांचा चंबू केला आणि एकदम जीभ चावली.

“नको. राईत शीळ घालत नाहीत. पायताण नाय, काटकी मोडायची नाय आणि शीळ घालायची नाय. लहानपणापासून तेवढं कानावर आहे.”

“का हो, शिळेचं काय?”

“ते गंगारामकाकाला विचारा. आमचा गुरव. पण तोही सांगणार नाय, रागावेल फक्त.”

निघताना मनस्वीनं त्याचा नंबर घेतला. कामासाठीच घेतला — डब्यावर फांदीबिंदी पडली तर कळायला नको का?

*

पंधरा दिवसांनी ती आली, तर डब्यानं इरलं घातलं होतं.

खरंच. वीतभर लांबीचं, कामट्या आणि पानं बेतून विणलेलं. मोठ्या इरल्याची हुबेहूब नक्कल, आणि काथ्यानं झाडाला नीट बांधलेलं. मनस्वीला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. आणि मग एकदम ती हसायची थांबली.

“तुम्ही हे कधी घातलंत याला?”

“तुम्ही गेलात त्याच दिवशी! भिजत होता बिचारा.” हर्षदच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता.

तिनं त्याच्या पडवीत बसून कार्ड लॅपटॉपला लावलं. हेडफोनचं एक टोक आपल्या कानात, दुसरं त्याच्या. वायर आखूड, त्यामुळे दोघांनाही सरकून बसावं लागलं. त्याच्या ओल्या केसांना मातीचा वास होता. आत चहाचं आधण गवती चहाच्या वासासकट उकळत होतं.

टप. टप. टपटपटपटप. टप.

दुसरी पहाट लावली. टपटपटपटप. तिसरी, चौथी, दहावी. इरल्यावर पडणारा पाऊस पानन् पान वाजवत होता आणि त्याच्या आड सगळी राई बुडून गेली होती.

हर्षदचा चेहरा हळूहळू उतरत गेला. “म्हणजे... सगळेच दिवस?”

“सगळेच.”

“मी सगळं घालवलं.”

ती रागावणारच होती. तयारीही झाली होती. पण त्यानं कानातलं टोक काढून इतक्या हळुवार तिच्या तळहातावर ठेवलं की रागवायचं राहूनच गेलं. “अजून पंधरा दिवस आहेत,” ती म्हणाली. “नाही सापडला तर... तर डबा काढावा लागेल.”

“आणि मग तुम्ही नाही येणार.”

“मग काम नसेल ना इथं.”

चहा पिऊन ती उठली. जाताना तिनं ते छोटं इरलं मागून घेतलं. स्कूटीच्या डिकीत चेपेल, म्हणून रत्नागिरीपर्यंत पायांशी धरून नेलं आणि खोलीच्या खिडकीत टांगलं.

त्या पंधरवड्यात फोन बरेच झाले. डब्यावर फांदी एकदाही पडली नव्हती. तरी ती पडली नाही, हे कळवायला हर्षदला रोज फोन करावा लागत होता, आणि मनस्वीलाही ते रोज ऐकावं लागत होतं.

*

शेवटचं कार्ड तिनं आणलं त्या दिवशी हर्षद भेटला नाही. देवरुखला गेल्याचं त्याच्या आईनं सांगितलं. मनस्वीला चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण खोलीवर येऊन संगणकावर आवाजांची चित्रं उलगडायला लागली आणि ती सगळं विसरली.

आवाजाचं चित्र म्हणजे काय, तर पाऊस करडा दिसतो, रातकिड्यांची सरळ रेघ येते, बेडकांचे ठिपके पडतात. आणि एका पहाटेच्या चित्रात तिला बारीक वळणदार रेघ दिसली. चढली, वळली, मधेच तुटली, पुन्हा चढली. मनस्वीनं खुर्ची मागे ढकलली. ऐकलं. तीच शीळ!

“सापडला!!!” तिनं हर्षदला लिहिलं.

उत्तर बऱ्याच वेळानं आलं. “छान.” एवढंच.

तीन वर्षं! ती एकटीच खोलीभर फिरली. तीन वर्षं दर पंधरा दिवसांनी आंबेकोंड. पडवी, गवती चहा, आखूड वायर... तिनं संस्थेतल्या सरांना पाठवायचा ईमेल लिहून काढला, शिळेचा तुकडा जोडला. मग, नियम म्हणून, अख्खी फीत सुरुवातीपासून एकदा ऐकायला घेतली.

पाऊस. व्हाळाचं पाणी. आणि शिळेच्या थोडं आधी, लांबून, अगदी बारीक —

फस्स... पचाक्.

जरा वेळानं पुन्हा. फस्स... पचाक्. मग काहीच नाही. अनवाणी पावलांचा आवाज त्या ओल्या पाचोळ्यावर कशाला येतोय! आणि मग शीळ.

मनस्वीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. हा आवाज दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. सरांना तर नाहीच. त्यांना पाचशे मैलांवरचा पक्षी ओळखता येतो, पण राईच्या तोंडाशी थांबून गमबूट काढणारा माणूस त्यांना कुठून ओळखता येणार? पाठवायचं बटण समोर होतं. नुसतं दाबायचं, की तीन वर्षं तिची. तिला ती तीन वर्षं हवी होती, अगदी मनापासून हवी होती, आणि म्हणूनच तिला रडू फुटलं.

तिनं तुकडा काढून टाकला आणि लिहिलं: आंबेकोंड, कस्तूर आढळला नाही.

*

“कस्तूर गमबूट घालतो का हो?”

हर्षद कलमं बांधत होता. त्यानं वर पाहिलं, आणि पावसात उभी असलेली मनस्वी बघून त्याला सगळं समजलं. हातातली कलमाची पट्टी तशीच राहिली.

“नाय,” तो म्हणाला.

“तुम्हाला माहीत आहे, मी ते पाठवणार होते? पुढं कुणीतरी येऊन बघितलं असतं आणि कळलं असतं, तर माझ्या कानांवर पुन्हा कुणी विश्वास ठेवला असता? माझ्याकडे दुसरं आहे काय?”

“तुम्ही ‘सापडला’ लिहिलंत ना, तेव्हाच सांगणार होतो. दोनदा लिहिलं, पुसलं. तुम्ही इतक्या खूश होतात...” त्यानं मान खाली घातली. “पहिले पंधरा दिवस मीच घालवले होते. वाटलं, भरून देऊ. आणि... नाय, ते खरं नाय. खरं एवढंच, की पक्षी नाही सापडला तर डबा जाणार. डबा गेला की तुम्हाला इथं बोलवायला माझ्याकडे काय उरणार होतं?”

“माझा नंबर होता!” मनस्वी जवळजवळ ओरडलीच. “नुसतं ‘या’ म्हटलं असतं तर?”

त्यानं मान वर केली. “आला असतात?”

ती तडक वळली. राईच्या तोंडाशी जाऊन तिनं बूट काढले — या वेळी कुणाचा हात न धरता, आणि म्हणून दोनदा तोल जाऊन — आणि डबा सोडवून आणला. तो बांधाशी उभा होता.

“राईत शीळ घातली, ते मी काकाला सांगितलंय,” तो म्हणाला. “रविवारी आईला नारळ द्यायचाय. काका गाऱ्हाणं घालणार. तिची माफी मागेन. तुमची कशी मागतात ते मला माहीत नाय, मनस्वी.”

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती, आणि तीही नेमकी ती निघताना. ती स्कूटीवर बसली. संगमेश्वर येईपर्यंत हेल्मेटची काच आतून धूसर होती.

*

डबा रत्नागिरीच्या ऑफिसात कपाटात गेला. काम संपलं. फांद्या पडल्या की नाही हे कळवणारे फोन बंद झाले.

मनस्वीनं बाकीच्या रायांचे आवाज ऐकले. खरे कस्तूर ऐकले, दोन राया मिळून चांगले चार. सुंदर गात होते. पण त्यांतला एकही कुणासाठी गात असल्यासारखं तिला वाटेना. खिडकीतल्या इरल्यावर पागोळी पडायची. टप. टपटप. टप. पुसून टाकायच्या ठेवलेल्या त्या पहिल्या पंधरा दिवसांच्या फिती तिनं पुसल्या नव्हत्या. शुक्रवारी तिनं त्यातली एक लावली आणि शेवटपर्यंत ऐकली. पावसात भिजणाऱ्या डब्याची कुणालातरी दया आली होती, त्याचा तो आवाज होता. आणखी काय सापडायला हवं होतं तिला त्या राईत?

‘आला असतात?’ त्यानं विचारलं होतं. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंच होतं की.

रविवारी सकाळी ती निघाली. पाठीवर सॅक नाही, डबा नाही, पट्टे नाहीत. हात इतके रिकामे की त्यांचं करायचं काय, ते तिला कळेना.

राईच्या तोंडाशी आठ-दहा चपला आणि एक गमबुटांची जोडी होती. हर्षद नारळ घेऊन उभा होता. तिला पाहून त्याच्या हातातून तो पडायचाच बाकी राहिला.

“डबा...?”

“नाही आणला.”

“मग?”

“मग काय?” मनस्वीनं एक पाय उचलला आणि हात पुढे केला. “धरणार आहेस की पडू?”

त्यानं धरला. फस्स... पचाक्. आतून कुणीतरी खाकरलं. हर्षदच्या आईनं पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे पाहिलं.

गंगारामकाका सत्तरीचा, काटकुळा, पण आवाज घंटेसारखा खणखणीत. त्यानं मनस्वीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “काय काम काढलंव बाय?”

“काम... काही नाही काका.”

“काय नाय?”

“काही नाही.”

“बरा, बरा,” काका म्हणाला आणि देवीकडे वळला.

गाऱ्हाणं म्हणजे देवापाशी मोठ्यानं सांगणं. एकानं सगळ्यांच्या वतीनं मागायचं, आणि पटलं की जमलेल्यांनी एका सुरात होकार द्यायचा. देवी असली तरी गाऱ्हाण्यात ती महाराजाच.

“आये जाखमाते... हा आमचा पोर हर्षद, यानं तुज्या राईत शीळ घातली. का घातली ता तुला ठाव हाय. चूक झाली, पदरात घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“शेतात भात उभा हाय, त्येच्यावर नजर ठेव. मुंबईची पोरा गणपतीला येतील, त्यांना सुखरूप आण म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

हर्षदनं नारळ ठेवायला हात पुढे केला, पण काका थांबायला तयार नव्हता. त्यानं डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच तो हसला.

“आनि ही रत्नागिरीची बाय... आज काय काम नाय, डबा नाय, तरी पावसातना आल्येय. आमच्या पोराच्या मनात काय हाय ता अख्ख्या गावाला ठाव. हिच्या मनात काय हाय ता हिला ठाव. दोगांच्या मनात येकच आसंल, तर त्यांना येक कर म्हाराजा!”

आणि कुणीच बोललं नाही!

एवढा वेळ तोंडातून शब्द पडायच्या आत ‘व्हय’ म्हणणारी माणसं, सगळी एकजात गप्प. कुणी झाडाकडे बघतंय, कुणी पायाकडे. व्हाळाचं पाणी तेवढं वाहत होतं. हर्षदचे कान लालबुंद झाले होते. त्यानं मान वर केली नाही, नारळ तेवढा छातीशी घट्ट धरला. किती आवाज ऐकले होते तिनं आजवर! या गप्प राहण्याइतकं स्पष्ट मात्र कधी काही ऐकलं नव्हतं. सगळी राई तिच्यासाठी थांबली होती.

तिचे डोळे भरून आले. तिनं हात जोडले.

“व्हय... म्हाराजा.”

आवाज जेमतेम निघाला. पण इतका हलका आवाजही पकडायची सवय आता एकट्या तिलाच नव्हती. हर्षदनं झटकन वर पाहिलं, आणि पाठोपाठ सगळी राई दुमदुमली, “व्हय म्हाराजा!”

मग नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. आईनं मनस्वीच्या हातावर सर्वांत मोठा तुकडा ठेवला. माणसं हळूहळू बाहेर निघाली. हर्षद आणि ती तेवढी मागे रेंगाळली, पूर्वी डबा बांधला होता त्या झाडाशी. खोडावर पट्ट्याचा ओला वळ अजून दिसत होता.

आणि व्हाळाच्या वरच्या अंगानं शीळ आली. लांब, वळणं घेणारी, मधेच विसरल्यासारखी तुटलेली...

“हर्षद!” मनस्वी संतापून गर्रकन वळली. “आत्ता, आत्ता नारळ दिलास ना तू? लाज वाटत नाही...”

हर्षदचे दोन्ही गाल खोबऱ्यानं टम्म फुगले होते. त्यानं डोळे मोठे केले, दोन्ही हात हलवले, तोंडाकडे बोट दाखवलं. ‘मी नाही! मी नाही!’

शीळ पुन्हा आली. जवळून.

मनस्वीनं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि श्वास रोखला. दोघं तशीच उभी राहिली, अनवाणी, वरून पानांचं पाणी गळत होतं, आणि कस्तूर गात राहिला. बऱ्याच वेळानं हर्षदला एकदाचं खोबरं गिळता आलं.

“डबा...” तो कुजबुजला. “डबा आणायला हवा ना गं?”

“हवा,” मनस्वी म्हणाली. “आणू.”

डबा रत्नागिरीला होता, ऑफिसच्या कपाटात. तो आणायला जायची मनस्वीनं मुळीच घाई केली नाही.